नववा हात

लवू परबांनी कुलपांच्या कारखान्यावर दावा ठोकायचं ठरवलं आणि त्यांच्या बोरीवलीच्या घरात सगळं अडलं ते एका हातापाशी.

मरोळच्या या कारखान्याने एका अडचणीच्या दिवाळीत कामगारांना बोनसऐवजी शेअर दिले होते. त्यातले परबांसह चौघे अजून भागधारक होते, बाकी सगळा मालक मुकुलशेठचा गोतावळा. आता शेठ कारखान्याचा गाळा आपल्याच मेव्हण्याला विकायला निघाले होते. गाळा गेला की कारखाना बंद, आणि आत अजून चाळीस माणसं कामाला. परबांनी तिथे तीस वर्षं प्रेस मशीन चालवलं होतं आणि त्या खडखडाटात अर्धे कानही घालवले होते. विक्रीला तीन-चतुर्थांश मतं लागायची. सभेला बारा जण हजर होते. नंतर पत्र आलं, नऊ हात वर झाले, ठराव मंजूर.

"शेठची माणसं आठ," शेवंती कांबळे म्हणाल्या. त्या पॅकिंगमधल्या जुन्या सहकारी, गोवंडीहून मुद्दाम आलेल्या. "मी हात वर केला नाय. आपल्यातल्या बाकी दोघांनी पोरांची शपथ घेतलीय. तू?"

"मी? मेलंय तरी करूचंय नाय!"

"मग नववा हात भुताचा काय रे?"

परबांची पुतणी श्रुतिका वकील होती. तिने दोघांना थांबवलं. "काका, आधी सभेचं इतिवृत्त बघा. तो तुमचा हक्क आहे. त्यात खोट निघाली तर केस टाकू. उगाच गेलो तर आपलीच वाट लागेल."

दोघं मरोळला गेले ते भांडायच्या तयारीने. पण मुकुलशेठ हसून म्हणाले, "बघा की! दोन तास बघा. भाऊराव, दाखवा यांना."

भाऊराव म्हणजे कंपनीचे कारकून. सव्वीस वर्षांत त्यांचा आवाज कोणी धड ऐकला नव्हता. त्यांनी कपाटाची पाच कुलपं उघडली, पाचही कारखान्याचीच. आत लाल फडक्यांत बांधलेल्या सव्वीस वह्या होत्या. एकीवरही धूळ नव्हती. परबांनी नकळत चपला काढल्या.

सहज म्हणून त्यांनी एक जुनी वही उघडली. अक्षर लग्नपत्रिकेसारखं. 'श्री. परब यांनी पंखा वाजतो अशी तक्रार केली. कोणी लक्ष दिले नाही. पंखा वाजतच होता.' दुसरी उघडली. 'श्री. परब यांनी नव्या मुलांना हातमोजे द्या म्हटले. सभा हसली. हसण्यासारखे काही नव्हते.'

परबांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. इतकं तर त्यांचं घरातसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं.

"आवशीचो घोव! भाऊराव, ह्या सगळा तुम्ही लिवलात?"

"घडलं ते लिहिलं," भाऊराव म्हणाले. "वाचायला आलेले तुम्ही पहिलेच."

शेवंतीबाईंनी मात्र नेमकी परवाच्या सभेची वही उघडली होती. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला.

"लवू, तुझं नाव आहे रे यात. नववा हात तुझा!"

परबांनी हातातली वही मिटली. चाळीस माणसांच्या पोटावर आपणच पाय दिला? ते भाऊरावांकडे बघत राहिले. या माणसाने खोटं लिहिलं असेल असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"पुढची ओळ वाचा," भाऊराव हळूच म्हणाले.

शेवंतीबाई वाचू लागल्या. "'शेठ मते मागत असता वड्यांचा ट्रे पलीकडे गेला. श्री. परब यांनी हात वर करून "चटणी" असे दोनदा म्हटले. शेठनी तो हात मोजला. चटणी मिळाली नाही.'"

खाली मुकुलशेठची लफ्फेदार सही होती.

"शेठ, तुम्ही हे वाचलंत ना?" शेवंतीबाईंनी वही तशीच शेठच्या टेबलावर नेऊन ठेवली. शेठनी वाचली. मग दाराशी उभ्या भाऊरावांकडे ते असे बघू लागले, जणू कपाटच बोलायला लागलंय. कोर्टात ही ओळ मोठ्याने वाचली जाईल, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

दावा काही टाकावा लागला नाही. पंधरवड्यात ठराव पुन्हा मतदानाला आला. शेठच्या गोतावळ्याचे आठही हात वर झाले. सगळे परबांकडे बघत होते. वडे समोर आले, परब हलले नाहीत. पंखा वाजत होता. आठाचे नऊ काही झाले नाहीत आणि गाळा वाचला.

दुसऱ्याच दिवशी परब इतिवृत्त वाचायला हजर. भाऊरावांनी पाचही कुलपं उघडून वही पुढे केली.

'श्री. परब मतदान संपेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. ठराव नामंजूर झाल्यावर त्यांनी उजवा हात काढून चटणी मागितली. ती एकमताने देण्यात आली.'