अपयशाचा दाखला

बॅगांच्या चेनी दुरुस्त करण्याचं दुकान काढावं अशी त्याची इच्छा होती आणि त्या इच्छेमागे कोणताही उदात्त हेतू नव्हता, हे सुरुवातीलाच मान्य केलेलं बरं. त्याला ते काम येत होतं आणि लोकांच्या बॅगा तुटत होत्या. एका बॅगविक्रेत्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून त्याने वर्षानुवर्षं हेच केलं होतं. सैल झालेला रनर पकडीने दाबायचा, चेनीचे दात निखळले असतील तिथे टाका घालायचा, चाकं बदलायची. आता त्याच्या आत्याने आपल्या शिवणकामाच्या दुकानाशेजारचा रिकामा गाळा त्याला देऊ केला होता. "तू बस इथे. मला सोबत होईल आणि तुझंही बस्तान बसेल," असं ती म्हणाली होती. तेवढ्यावर दुकान उघडलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

परंतु नव्या नियमानुसार, दुकानावर पाटी लावण्यापूर्वी उद्योजकाने आपला उद्देश शोधणं आणि चारित्र्य घडवणं सक्तीचं झालं होतं. पूर्वी लोक उद्देशाशिवायच दुकानं काढत आणि ती चालतही असत, त्यामुळे व्यवस्थेत फार गोंधळ माजला होता. तो निस्तरण्यासाठी 'उद्देश व चारित्र्य केंद्र' स्थापन झालं. तिथे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला 'होतकरू' म्हणत. आपल्या माणसाला हे संबोधन इतकं आवडलं की घरीसुद्धा तो दुसऱ्या कशाला ओ देईना. म्हणून आपणही त्याला होतकरूच म्हणू.

केंद्राच्या खोलीत टेबलं नव्हती. टेबलामुळे माणसामाणसांत भिंत उभी राहते, असं तिथलं मत होतं. त्यामुळे सगळे मांडीवर कागद घेऊन लिहीत आणि पेन कागदातून आरपार जाऊन मांडीला टोचे. मार्गदर्शक मात्र उभेच असत. त्यांच्या जाकिटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. कुठल्याही क्षणी कामाला लागतील असं वाटे, पण तो क्षण काही येत नसे.

"तुमचा उद्देश काय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"चेनी दुरुस्त करणं."

"ते काम झालं. मी उद्देश विचारतोय."

"बॅग नीट बंद व्हावी, हा."

मार्गदर्शकांनी डोळे मिटले. "आणखी खोल जा."

होतकरू त्याला जमेल तितका खोल गेला. "आतलं सामान पडू नये."

"तुम्ही अजून सामानातच अडकलाय," मार्गदर्शक हळुवारपणे म्हणाले. "मी माणसाबद्दल बोलतोय."

पुष्कळ हेलपाटे घातल्यावर एकदाचा उद्देश सापडला: 'माणसाला त्याच्या आतल्या ओझ्याशी जोडणं.' याचा अर्थ होतकरूला कळला नाही, पण मोठ्याने म्हटल्यावर अंगावर काटा आला, म्हणजे तो बरोबर असणार. त्याने धावत जाऊन आत्याला सांगितलं. आत्याने तोंडातली टाचणी काढली.

"म्हणजे चेनी लावणार आहेस की नाही?"

"लावणार ना आत्या. पण उद्देशाने."

"उद्देशाने लाव नाहीतर पकडीने लाव. पण लाव बाबा एकदाच्या."

उद्देश मिळाला, तरी चारित्र्य बाकी होतं. चारित्र्य केवळ अपयशातून घडतं, हे केंद्राने केव्हाच ठरवून टाकलेलं होतं. त्यामुळे अपयशाचा दाखला जोडल्याशिवाय चारित्र्याचा अर्ज पुढे सरकत नसे. दर आठवड्याला केंद्राच्या सभागृहात अपयशकथन होई. एकाने वडिलांचा चालता छापखाना बुडवला होता, एकीने मैत्रिणीसकट बेकरी बुडवली होती. ते उठून बोलू लागले की मागची मंडळी आदराने सरसावून बसत. होतकरूची पाळी आली, तेव्हा त्याने सांगितलं की एकदा काळ्या बॅगेला त्याच्या हातून लाल चेन लागली होती. सभागृहात कीव पसरली.

"आयुष्यात काहीच बुडवलं नाहीत?" मार्गदर्शकांनी चिंतेने विचारलं.

"संधीच मिळाली नाही, साहेब."

त्याची ही अडचण ध्यानात घेऊन केंद्राने सहानुभूतीपूर्वक मार्ग काढला. पाटी न लावता, केवळ अपयशी ठरण्याच्या प्रयोजनार्थ, त्याला दुकान उघडण्याची तात्पुरती परवानगी मिळाली.

पण दुकान बुडेना. होतकरू उशिरा येऊ लागला, तर लोक दाराशी थांबून एकमेकांना सांगू लागले की माणसाला फार मागणी आहे. तो तुसडेपणाने वागू लागला, तर लोक म्हणाले, कारागीर माणूस, गोड बोलायला त्याला वेळ कुठला. बॅग महिनाभर मिळणार नाही असं त्याने ठणकावलं, तेव्हा तर ज्याने एक आणली होती त्याने घरी जाऊन दुसरीही आणून ठेवली. केंद्रातल्या जुन्या मंडळींनी होतकरूशेजारी बसणं सोडलं. तो खरोखर खचला. आपल्या हाताला यश आहे हे कळल्यावर माणूस इतका रडवेला झालेला आत्याने कधी पाहिला नव्हता.

"यश ही सवय आहे," मार्गदर्शक म्हणाले. "सुटायला वेळ लागतो. तुम्ही असं करा, चेनींना हातच लावू नका. नुसता उद्देश राबवा."

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई बॅग घेऊन आल्या. होतकरूने ती मांडीवर घेतली आणि डोळे मिटले.

"बाई, यात तुम्ही नेमकं काय वाहून नेताय?"

"वह्या."

"आणि त्याच्याही आत?"

"मुलांच्या चुका," बाई म्हणाल्या. "द्या इकडे ती बॅग."

हा उपाय मात्र रामबाण निघाला. बघता बघता गिऱ्हाईक आटलं आणि गाळ्यात माश्यासुद्धा फिरकेनाशा झाल्या. होतकरूच्या चेहऱ्यावर तेज आलं. केंद्राने परीक्षक पाठवायचं कळवलं. अट एकच होती, अपयशात खंड पडता कामा नये. मधे एक जरी दुरुस्ती झाली, तरी अपयश पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं.

परीक्षक येण्याच्या आदल्या दुपारी आत्या गाळ्यात आली ती घाईघाईतच. हातात जुनी मोठी बॅग होती, पदर खोचलेला होता.

"अरे, ताईचं काही खरं नाही. सकाळपासून माझं नाव घेतेय म्हणे. संध्याकाळची बस धरते. ही चेन तेवढी बघ, मधेच उघडतेय."

होतकरूने बॅग पाहिली. रनर सैल झाला होता. दोन्ही बाजूंनी किंचित दाबला की झालं. आत्याचं पाणी पिऊन होईपर्यंतचं काम. त्याने पकड उचलली. आणि मग त्याला दाखला आठवला, सभागृहातली ती कीव आठवली. थोरल्या आत्याने, म्हणजे याच ताईने, लहानपणी आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, हेही आठवलं, पण ते दाखल्यानंतर आठवलं.

त्याने पकड खाली ठेवली.

"काही होत नाही आत्या. जा तू. पोचेल नीट."

आत्याचा त्याच्या हातावर विश्वास होता. ती गेली.

बसच्या पायरीवर बॅग फाटकन उघडली. लुगडी, औषधाच्या बाटल्या, ताईसाठी शिवलेली मऊ झबल्यासारखी दोन पोलकी, सगळं रस्त्यावर आलं. बाटल्या घरंगळत बसखाली गेल्या. आत्या गुडघ्यांवर बसून गोळा करत होती, तोवर कंडक्टरने दोनदा हाक मारली आणि घंटी दिली. पुढची बस थेट सकाळची होती.

सकाळी आत्या गाळ्यातच बसून बॅगेला सुतळी बांधत होती. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. होतकरूच्याने ते बघवेना. "दे, मी करतो," म्हणत त्याने हात पुढे केला, आणि नेमके दारात परीक्षक उभे राहिले. हात हवेतच थांबला, मग हळूच खिशात गेला.

आत्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा फळीवरच्या पकडीकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझं काम चाललंय." आणि बॅग काखेत मारून ती निघून गेली.

परीक्षक भारावून गेले. रिकामे गाळे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण स्वतःच्या माणसाच्या नजरेतून उतरलेला उमेदवार त्यांच्या पाहण्यात पहिलाच. अपयश अस्सल असून कौटुंबिक स्वरूपाचं आहे, असा शेरा मारून त्यांनी दाखला विशेष श्रेणीत मंजूर केला.

पुढचं सगळं भराभर घडलं. होतकरूचं अपयशकथन ऐकून छापखाना बुडवलेला गृहस्थ हुंदके देऊन रडला. मार्गदर्शकांनी होतकरूला मिठी मारली. पाटी लावायची परवानगी आली, तोवर आत्याने गाळ्याला कुलूप घातलं होतं; पण आता पाटीची गरज कुणाला होती? केंद्राने त्याला मार्गदर्शक म्हणून नेमलं. त्यानेही जाकिटाच्या बाह्या दुमडल्या. 'एका बॅगेने मला घडवलं' हे त्याचं व्याख्यान इतकं गाजलं की बाहेरच्या बाकांवरही जागा मिळेना.

अशाच एका व्याख्यानाला आत्या आली. मागच्या रांगेत, मांडीवर तीच बॅग, त्यावर तीच सुतळी. प्रश्नांची वेळ झाली तेव्हा ती उभी राहिली.

"प्रश्न फक्त सरांच्या जडणघडणीबद्दल विचारा," माइक धरणाऱ्या मुलीने बजावलं.

"प्रश्न नाही गं. काम आहे." आत्या मंचाकडे बघून म्हणाली, "अरे, एवढी चेन लावून देतोस का?"

क्षणभर होतकरूची बोटं आपोआप जुळली, पकड धरल्यासारखी. मग त्याने माइक तोंडाजवळ नेला.

"मित्रांनो, हीच ती बॅग!"

सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. लोकांनी बॅगेचे फोटो काढले, काहींनी सुतळीला हात लावून बघितला. त्या गर्दीतून वाट काढत आत्या कधी बाहेर पडली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. होतकरूने त्यानंतर पुष्कळ नाव मिळवलं. गावात आता चेन दुरुस्त करणारं कुणी नाही, पण उद्देश नसलेलंही कुणी उरलेलं नाही.

आत्याला तिची ताई भेटली की नाही, हे त्या सभागृहात कुणीच विचारलं नाही. तुम्ही विचारणार होतात, मला ठाऊक आहे. फक्त होतकरूचं पुढे काय झालं, ते तुम्हाला आधी जाणून घ्यायचं होतं, इतकंच.