इंगळे भाऊंचा चंद्र

९ फेब्रुवारी, संकष्टी. माझ्या पिठाच्या गिरणीच्या दगडाला टाकी लावणारा आला नव्हता, म्हणून मीच छिन्नी-हातोडी घेऊन बसले होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून घोषणा झाली, "महिला प्रवाशांनी लक्ष द्यावं. चंद्राची गाडी आज नऊच्या पुढं लागणार. कालच्यापेक्षा पाऊण तास लेट."

हे आमचे शेजारी इंगळे भाऊ. मेहकरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर हाताखाली एकही गाडी उरली नाही, तेव्हा त्यांनी चंद्र चालवायला घेतला. गल्लीतल्या उपासाच्या बायका वेळ त्यांनाच विचारतात. ईदच्या आधी सलमाचाचीही विचारून जाते. भाऊंच्या घरी उपासही नाही आणि रोजाही नाही. "आपण फक्त वाहतूक पाह्यतो," म्हणतात.

"रोज लेट काऊन, भाऊ?" असं कुणी विचारलं की ते खुर्ची पुढे ओढतात. "पृथ्वी सोताभोवती एक चक्कर मारून जागेवर येते, तवरोक चंद्र पुढच्या थांब्यावर गेला असते. त्याले गाठाले तिले अजून वळा लागते. गोल रूट, महिन्याची एक फेरी. ब्रेकडाऊन नाई, संप नाई."

एकदा आभाळ गच्च भरलं होतं, तरी यांनी जाहीर केलं, "गाडी लागली. जेवा."

समोरची मंगला म्हणाली, "दिसत तं नाई ना, भाऊ."

"कंट्रोलर सांगते म्हणजे लागली. तुमी काय बोनेटले हात लावून पाह्यता काय?"

अर्धी गल्ली जेवली, अर्धी उपाशी झोपली आणि सकाळी दोन्ही गट भाऊंवर चिडलेले होते.

हसण्यासारखं एवढंच. बाकी त्या घरात हसण्यासारखं काही नाही. भाऊंच्या बायकोला, शांतावहिनींना, लकवा मारला त्याला बरेच दिवस झाले. उजवं अंग गेलं. बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत आहे. त्यांचं खाणंपिणं, धुणं, पुसणं भाऊच करतात. लेक सुरतेला, तिची स्वतःची सासू अंथरुणावर. त्यातच भाऊंच्या डाव्या गालात गाठ आली. तंबाखूची. इथल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं, मोठ्या दवाखान्यात जा, तिथे महिनाभर राहावं लागेल, आता गेलात तर काहीतरी करता येईल. भाऊ जात नाहीत. "इथं बदलीचा माणूस नाई," म्हणतात. बायकोला सांगितलंय, अक्कलदाढ सुजली आहे. गळ्यातला दुपट्टा डाव्या गालावर ओढून घेतात. भाकरी दुधात कुस्करून नुसती गिळतात. हे सगळं गल्लीला माहीत होतं. वहिनींना तेवढं कळू द्यायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.

त्या संध्याकाळी बायका ताटं झाकून अंगणात जमल्या. मंगलाच्या सुनेनं विचारलं, चंद्राची एकच बाजू का दिसते? झालं. भाऊंनी वहिनींची खाट अंगणाच्या मध्यावर ओढली. "ही पृथ्वी. हलत नाई, पण सगळं हिच्याभोवतीच चालते." माझ्या हातात बॅटरी दिली. मी सूर्य. भाऊ स्वतः चंद्र होऊन खाटेभोवती फिरू लागले. "पाहा, मी फिरून राह्यलो, वळून पण राह्यलो. दोन्ही संगच. म्हणून हिले माही एकच बाजू दिसते. दुसरी हिले कधीच दिसत नाई. ते तिकडच्यायले दिसते."

"बायकोले प्रदक्षिणा घालून राह्यले, पाहा वं!" मंगला म्हणाली, आणि बायका खिदळल्या.

मी मात्र हसले नाही. हा खेळ मी पूर्वी पाहिला होता. तेव्हा पृथ्वी त्यांच्या डाव्या हाताला असायची. कुणी प्रदक्षिणेसारखं तिला उजव्या हाताला ठेवून फिरलं की ते ओरडायचे, राँग साइड! आणि आज स्वतःच राँग साइडने चालले होते.

"भाऊ, उलटे फिरताय," मी बोलून गेले.

ते थांबले नाहीत. "डायव्हर्जन आहे, ताई," म्हणाले, आणि माझ्या समोरून गेले. दुपट्टा खांद्यावर घसरला होता. बॅटरीचा झोत थेट डाव्या गालावर पडला. लिंबाएवढी गाठ, वर फाटलेली. वहिनींकडे उजवा गाल, गुळगुळीत दाढी केलेला. मी बॅटरी खाली केली.

चंद्र वर आला. भाऊ बायकांना घेऊन गल्लीच्या तोंडाशी दाखवायला गेले. मी खाट आत ओढत होते, तर वहिनींनी डाव्या हाताने माझा पदर धरला.

"सुमन, किती दिवस हाये त्याचे?"

"कुणाचे? दाढ सुजली आहे त्यांची."

"वास येते ना वं," त्या एकेक शब्द ओढत म्हणाल्या. "मले भरवते तवा येते. मी तोंड नाई फिरवत. त्याले वाटते, मले काई समजत नाई." मग दम घेऊन म्हणाल्या, "मले तुह्या घरी ठेव. मी इथं हावो तवरोक तो जात नाई."

मी लगेच हो म्हटलं नाही. गिरणीचा धुरळा, मोरीची पायरी, महिनाभर दुसऱ्याचं अंग उचलायचं, सगळं डोळ्यांपुढे आलं. "बघते," एवढं म्हणाले आणि घरी येऊन जेवले.

सकाळी पुढच्या खोलीतली गव्हाची पोती मागे रचली, फरशी धुतली आणि दोन हमाल घेऊन भाऊंच्या दारात गेले.

"हे काय, ताई?"

"वहिनींना नेते. तुम्ही दवाखान्यात जा. त्यांना सगळं माहीत आहे. त्यांनीच सांगितलं."

ते दाराला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "तिले वळवताना आंधी कंबरीखाली हात घाला लागते. खांद्याले धरून ओढलं का दुखते तिले." माझ्या पुढच्या खोलीत येऊन त्यांनी वळवून दाखवलं. मग मला करायला लावलं. चुकलं. पुन्हा करायला लावलं.

भाऊ दवाखान्याला गेल्यावर मी वहिनींच्या पाठीला पावडर लावली, त्यांना कुशीवर केलं, दार लोटून घेतलं आणि गिरणी सुरू केली.