दुर्बिणीचे तीन पुरावे

घराण्याचा इतिहास लिहायचा, पण एकही वाक्य आधाराशिवाय लिहायचं नाही, असं मी ठरवलं आणि तिथेच फसलो. (फसलो असं निदान आता वाटतं. पूर्ण खात्री नाही.) आयुष्यभर कॉलेजात मुलांना संदर्भ कसे द्यावेत हे शिकवलं, निवृत्त झालो तरी सवय सुटत नाही. इंटरनेटवरून काही घेतलं की पानाचं नाव, पत्ता, पाहिल्याची तारीख, सगळं तळटिपेत. पहिल्या प्रकरणात मजकूर चार ओळी आणि तळटिपा दीड पान झाल्या, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पूर्वजांना जरा वर येऊ द्या. खालीच गुदमरलेत सगळे."

हे पुस्तक माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, ऐंशीव्या वाढदिवसाला नातेवाइकांना वाटायचं होतं. मसुदा तिला पाठवला आणि लगेच तिचा फोन आला.

"आजोबा आकाशातले तारे बघायचे, असं लिहिलंयस?"

"हो. तो फोटो नाही का, खांद्यावर दुर्बीण घेतलेला?"

"अरे, नळाचा पाइप आहे तो! आजोबा नळ दुरुस्त करायचे."

"ताई, याला काही आधार?"

(हे विचारायला नको होतं. पण तो प्रश्न माझ्या तोंडून आपोआप येतो. डॉक्टर 'तुम्हाला साखर आहे' म्हणाले, तेव्हाही मी हेच विचारलं होतं.)



"त्या पाइपाचं फोटोबाहेरचं दुसरं टोक मी धरलंय," ताई म्हणाली. "तू जन्मायच्या आधीच गेले ते, तुला काय माहीत? बाबांची नोकरी सुटली तेव्हा माझी शाळा त्या पाइपावर चालली. लाज वाटते का रे तुला त्यांची?"

"लाज नाही गं. पण तीन वेगवेगळ्या वेबसाइटवर..."

"मग त्या तिघींनाच बोलाव वाढदिवसाला. ती दुर्बीण पुस्तकातून आणि तुझ्या त्या इंटरनेटवरूनही गेली नाही, तर मी यायची नाही."

फोन बंद. ताईचा वाढदिवस आणि त्याला ताईच नाही! मला दुपारचं जेवण गेलं नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि कॉम्प्युटरसमोर माझ्या शेजारी खुर्ची ओढली.

"दाखवा बरं तुमचे पुरावे. ही पहिली काय म्हणते?"

"'सुप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ.'"

"हिने कुठून घेतलं?"

खाली दुसऱ्या वेबसाइटचा पत्ता होता. (विद्यार्थ्याने असा पत्ता उघडून पाहिला नसता, तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.) दुसरीवर 'सुप्रसिद्ध' नव्हतं. दुसरीने तिसरीचा हवाला दिला होता. तिथे नुसतंच 'आकाशनिरीक्षक असावेत'. म्हणजे माझे तीन भक्कम पुरावे एकमेकांच्या खांद्यावर बसले होते. आणि सगळ्यांत खाली, वंशावळींवर गप्पा मारणाऱ्यांच्या एका पानावर, आजोबांच्या त्याच फोटोखाली, लिहिलं होतं: 'फोटोतील वस्तू बहुधा दुर्बीण असावी, असे मानण्यास थोडी जागा आहे. — जुना विद्यार्थी.'

"हा कोण?" बायकोने विचारलं.

"कोणी तरी अभ्यासू माणूस दिसतो. बघ ना, किती जपून लिहिलंय! अशी माणसं हल्ली राहिली नाहीत."

बायकोने नावावर क्लिक केलं. फोटो उघडला.

"स्वेटर ओळखीचा वाटतोय," ती म्हणाली.

स्वेटर तिनेच विणलेला होता. आत मी होतो.

(शंका मी इतक्या ठिकाणी इतक्यांदा लिहून ठेवतो, लक्षात कुठली राहणार? पण मी 'बहुधा' लिहिलं होतं, 'असावी'सुद्धा लिहिलं होतं. तिसरीने 'बहुधा' गाळलं, दुसरीने 'असावी', आणि पहिलीने पदरचं 'सुप्रसिद्ध' घातलं.)

पुस्तकात दुरुस्ती केली: 'आजोबा नळ दुरुस्त करीत. आधार: ताई.' जुन्या विद्यार्थ्याचा पासवर्ड मी केव्हाच विसरलो होतो, म्हणून तिन्ही वेबसाइटना स्वतःच्या खऱ्या नावाने विनंती केली. दोघींनी मुकाट्याने दुर्बीण काढली. तिसरीचं उत्तर आलं. ते मी ताईला फोनवर, भीत भीत, वाचून दाखवलं.

"'महोदय, आपला दावा आमच्या मूळ जाणकारांच्या मताशी जुळत नाही. 'जुना विद्यार्थी' यांचा या घराण्याचा अभ्यास दांडगा आहे. कृपया आधी त्यांचे समाधान करावे.'"

"जुना विद्यार्थी कोण रे?"

"मीच," मी म्हणालो.

ताई हसायला लागली. थांबेचना. मधे पाणी प्यायली आणि पुन्हा हसली.

"येते मी वाढदिवसाला," शेवटी ती म्हणाली. "पण त्या जाणकाराचं समाधान करायच्या भानगडीत तू पडू नकोस. तुझी बायको लग्न झाल्यापासून तेच करतेय. अजून जमलेलं नाही."