दुसऱ्या अध्यक्षांचा अबोला

आमचे शेजारी केळुसकर बिल्डिंगच्या गणपती कमिटीची मीटिंग घेतात ती खिडक्या बंद, पडदे ओढून आणि एसीसुद्धा बंद करून. शारजात, ऑगस्टमध्ये! का, तर अमेरिकेची घटना अशीच भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून लिहिली गेली. "घाम गाळल्याशिवाय घटना होत नाही!" अहो, पण आम्हाला फक्त मोदक कुठून मागवायचे ते ठरवायचं असतं!

अबुधाबीच्या एका कंपनीत हे दिवसभर कॉन्ट्रॅक्ट्स तपासतात आणि घरी येऊन अमेरिकेचे पहिले पुढारी वाचतात. रात्रीच्या भाजीवर घरात मतदान होतं. वहिनींना नकाराधिकार आहे. तो चालत नाही फक्त नवऱ्याच्या चहातल्या साखरेवर.

त्यांची लाडकी गोष्ट अमेरिकेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यक्षांची. दोघं जिवलग मित्र, पण निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहिले. हरलेला दुसरा अध्यक्ष मित्राच्या शपथविधीलाही थांबला नाही, पहाटेच राजधानी सोडून गेला. "खलास!" म्हणून केळुसकर तिथेच थांबायचे. लेक म्हणायची, "बाबा, टेल द रेस्ट ना!" की हे भरपूर साखरेचा चहा मागवायचे.

कारण आम्हाला माहीत होतं. कमिटीच्या अध्यक्षपदाला ते आपल्या जिवलग मित्राविरुद्ध, सावंतांविरुद्ध, उभे राहून हरले होते आणि आरतीआधीच तणतणत घरी गेले होते. पुढे सावंत अबुधाबीला राहायला गेले, अध्यक्षपद यांच्याकडे आलं, पण अबोला काही सुटला नाही.

गेल्या महिन्यात कळलं, सावंतांची तातडीने बायपास करावी लागली, अजून आयसीयूत आहेत. सकाळीच केळुसकर माझ्या दारात. "यल्ला, गाडी काढ. अबुधाबीला जायचंय."

वाटेत त्यांनी उरलेली गोष्ट आपणहून सांगितली. "पुढे बोलायला लागले रे ते दोघं. म्हातारपणी. आणि गेले एकाच दिवशी." मग माझ्याकडे वळले. "मला उशीर नाही ना झाला?" मी गाडीचा वेग वाढवला.

हॉस्पिटलात पोचलो तर सावंत शुद्धीवर, धोका टळलेला. हुश्श! केळुसकरांनी त्यांचा हात धरला. एरवी तासतासभर भाषण ठोकणारा माणूस, आता नुसती त्यांची चादर नीट करत बसला. शेवटी, ती गोष्ट पूर्वी शंभरदा अख्खी ऐकलेले सावंतच पुटपुटले, "आपल्यालाही एकाच दिवशी जायचंय ना? मग तुझी शुगर सांभाळ, गाढवा. मला अजिबात घाई नाही."

"एकमताने मंजूर," केळुसकर कसंबसं म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

परतताना आम्ही चहाला थांबलो. त्यांनी स्वतःहून बिनसाखरेचा मागितला.