यादीत बसवलेली जीप

“आमची जीप कॉम्प्युटरवर चालते!” जिंतूरच्या एका कचेरीतले हेडक्लार्क व्यंकटराव यांनी होणाऱ्या व्याह्यांना चक्क पत्रात लिहून टाकलं. साल एक्याण्णव. त्यांच्या लेकीला, विमलला बघायला सेलूकडचे पाहुणे रविवारी येणार होते आणि त्यांना देवगाव फाट्यावरून याच जीपमधून आणायचं होतं. याआधी दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच! हे तिसरं हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

कॉम्प्युटर म्हणजे काय, तर मस्कतच्या गॅरेजात असलेल्या मेव्हण्यानं आणलेली तळहाताएवढी डबी. दोन बटणं आणि लांब वायर. शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनाला म्हणे कॉम्प्युटर असतो. त्याला ही डबी जोडायची आणि हातातल्या हातात जोर कमीजास्त करायचा. ती कोणकोणत्या गाड्यांना चालते, याची छापील यादी सोबत होती. व्यंकटरावांनी ती दोनदा वाचली. जीप नव्हती!

“एवढी मोठी कंपनी अन् यादी अर्धवट?” ते भडकले. शाईचं पेन काढून त्यांनी तळाला सुरेख अक्षरात ‘जीप’ लिहिलं, सही केली आणि वर कचेरीचा गोल शिक्का मारला. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकच पाहिलं होतं, नोंद झाली की हरकत संपली.

चंद्रभान मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. “सायेब, हे बसत न्हाई.”

“यादीत हाय!”

“यादीत असंल, इंजिनात कॉम्प्युटर न्हाई. अन् हे तर जीपचं इंजिन बी न्हाई. विहिरीवरचं डिझेल इंजिन मीच भंगारातून आणून बसवलंय की!”

“शिक्का मारल्यावर न्हाई म्हणायलास? बसव!”

चंद्रभाननं कपाळाला हात लावला. डबी स्टिअरिंगशेजारी स्क्रूनं बसवली आणि वायर हॉर्नला जोडली, निदान काहीतरी वाजेल म्हणून.

रविवारी देवगाव फाट्यावर मुलाचे वडील माणिकराव आणि त्यांच्या मंडळी कडूबाई जीपमध्ये बसले. “आता जोर बघा!” म्हणत व्यंकटरावांनी बटण दाबलं. हॉर्न सुरू झाला तो थांबेचना! रस्त्यावरच्या म्हशी उधळल्या, कडूबाईंनी कानांत बोटं घातली. शेवटी व्यंकटरावांनी वायर उपटली, तशी डबी निसटून कडूबाईंच्या ओटीत पडली.

आता नुसतं इंजिन ऐकू येत होतं. माणिकराव एकदम ओरडले, “गप बसा समदे!” आणि कान देऊन ऐकू लागले. “अगं, हे आपल्या विहिरीवरचं इंजिन! तिसऱ्या ठोक्याला खोकतंय बघ! पोरानं भंगारात घातलं, तवापासून डोळ्याला डोळा न्हाई माझ्या.”

“अहो, पण यादी तर बघा!” व्यंकटरावांनी कागद काढला. बघतो कोण! माणिकरावांचे डोळे भरून आले होते.

घरी पोहे झाले, विमल बाहेर येऊन गेली. “पोरगी पसंत हाय,” माणिकराव म्हणाले. “हुंडा नको, मानपान नको. आमचं इंजिन तेवढं वापस द्या.”

व्यंकटराव संतापून उठले, पण त्याआधीच त्यांच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी आतून साखर आणून व्याह्यांच्या हातावर ठेवली होती.

लग्न झालं. पंधरा दिवसांनी व्याह्यांचं पहिलं पत्र आलं. ‘आल्यापासून घर भरल्यासारखं वाटतं. खोकला तसाच आहे, पण रोज दोनदा तेल देतो. आवाज ऐकत गाढ झोपतो.’

“माझ्या पोरीबद्दल एक अक्षर न्हाई!” व्यंकटराव कडाडले. “आत्ताच्या आत्ता जाऊन जाब विचारतो!”

आणि दारातल्या जीपला वळसा घालून तणतणत एस.टी. स्टँडकडे चालू लागले.