छापा छापा, काटा काटा

नाणं जगाला फसवेल, मला फसवणार नाही, असं दादा सगळ्या गल्लीला ऐकवत असे. गल्ली ऐकूनही घेई, कारण कुणी शंका काढली की तो खिशातून भिंगच काढायचा. त्याची नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासण्याची आणि छंद नाण्यांचा, त्यामुळे तपासण्यातून त्याला घरीदारी सुटका नव्हती. आई तर म्हणायची, घरात कुणालाच नव्हती.

मागे कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला कडा फुगलेलं एक नाणं घेऊन धावत आला होता. टांकसाळीची चूक असली तर ते हजारोंना विकलं जाऊन त्याचं नशीब उघडणार होतं. दादाने भिंग लावलं.

"चूक आहे, पण टांकसाळीची नाही. तुझ्या कपडे वाळवायच्या यंत्रात हे महिनोन्महिने गरगरलंय. चूक टांकसाळीत जन्मावी लागते. बाहेर आल्यावर होतो तो अपघात, नाहीतर लबाडी."

हे वाक्य त्याला फार आवडायचं.

अशा या माणसाच्या आयुष्याचं वाटोळं एका नाण्यानेच केलं होतं. निदान तो तसं सांगायचा. वडील कारखान्यात लेथवर धातू कातणारे टर्नर, ऐपत एकालाच शहरात शिकायला पाठवण्याची. दादा मध्ये एकदा परीक्षेत गटांगळी खाल्ल्यामुळे धाकट्या बहिणीच्या वर्गात येऊन बसलेला. वडिलांनी नाणं उडवलं. दादा नेहमीसारखं म्हणाला काटा, पडला छापा, आणि धाकटी इंजिनीअर झाली. "नशीब आडवं आलं, नाहीतर आज मी पूल बांधत असतो," हे दादा ज्याला त्याला सांगे. ऐकणारे त्या न बांधलेल्या पुलांबद्दल मनात देवाचे आभार मानत.

आज ती धाकटी आली होती, आईला कायमची आपल्याकडे न्यायला. आई गेली तर या दोन खोल्यांत दादा, भिंग आणि नाणी एवढंच उरणार होतं. पण हे तोंडाने म्हणायची त्याला लाज वाटली, म्हणून तो आईच्या औषधांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि शहराच्या पाण्यावर बोलत राहिला. आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला कुणीच विचारलं नव्हतं.

शेवटी धाकटी म्हणाली, "भांडत कशाला बसायचं? बाबांसारखं करू." तिने पर्समधून एक नाणं काढलं. "हे त्यांचंच. मी शिकायला निघाले तेव्हा दिलेलं. मी छापा."

"थांब. आधी तपासतो."

दादाने नाणं उलटलं. छापा. पुन्हा उलटलं. पुन्हा छापा! टांकसाळीची चूक असावी म्हणून तो हरखला. पण भिंग लावल्यावर चेहरा हळूहळू उतरला. त्याने नाणं टेबलावर टाकून आवाज ऐकला, छोट्या काट्यावर वजन केलं.

"हे केलेलं आहे," तो म्हणाला. "एक नाणं आतून पोखरलंय, दुसरं पातळ कातून त्यात बसवलंय. कडेच्या आत सांधा दिसतोय बघ. आवाजही बद्द आहे. कुणीतरी लेथवर..."

लेथवर काम करणारं कुणीतरी घरात एकच होतं.

"त्या दिवशी हेच उडवलं होतं?"

धाकटीने मान डोलावली. "मला कॉलेजात लेथ शिकवला तेव्हा कळलं."

"म्हणजे बाबांनी मला फसवलं."

"आधी तुझं नाणं बघ."

"माझं? त्याचा इथे काय संबंध?"

दादाच्या संग्रहातलं सगळ्यांत मानाचं नाणं मखमलीच्या डबीत होतं, दोन्ही बाजूंना काटा. खाली त्याच्याच सुरेख अक्षरात चिठ्ठी होती: 'टांकसाळीची चूक. अस्सल.' तेही वडिलांनीच दिलेलं, त्याच्या पहिल्या नोकरीच्या दिवशी. त्यावर त्याने कधी भिंग धरलं नव्हतं. वडिलांनी दिलेलं कोण तपासतं? आज धरलं. सांधा तिथेच होता, तसाच सफाईदार.

"खिडकीजवळची खाट तुला," धाकटी म्हणाली. "सायकल तुला. रेडिओ तुझ्या उशाशी. मी छापा छापा ओरडायचे आणि दरवेळी काटा. मी कधी बोलले?"

आई दारात येऊन उभी होती. "एक डाव्या खिशात असायचं, एक उजव्या. हे आधी ठरवायचे आणि मग उडवायचे."

"ठरलेलंच होतं तर उडवायचं कशाला?" दादाने विचारलं.

"नाहीतर तुम्ही जन्मभर त्यांच्यावर रागावला असता. नाण्यावर रागावून माणूस जेवायला तरी येतो."

दादा खाली बसला. वडिलांबद्दल त्याच्या मनात कधी वाईट आलं नव्हतं, हे खरं. सगळा राग नशिबावर गेला होता. नापास झालेल्या पोराची त्यांनी त्या दिवशी किती अब्रू राखली, हे त्याला आज उमगलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"द्या दोन्ही इकडे," आई म्हणाली. तिने नाणी घेतली, पाठ फिरवली, पदराआड काहीतरी केलं आणि एक नाणं उडवलं. ते टेबलावर बद्द आवाज करत पडलं.

काटा.

ते उलटून बघायची कुणाची छाती झाली नाही. धाकटी हसली, पण डोळे पुसत. "आई, ठरवलंसच तर कारण तरी सांग."

"तुला खरं-खोटं कॉलेजातच कळलं," आई म्हणाली. "याला हातात भिंग असून आज कळलं, तेही मी घरात असताना. याला एकट्याला कसं टाकू?"