तसं काही वाईट नाही

घराची ऊब हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे, आणि हा पाया घर तापवणाऱ्या बॉयलरशेजारच्या एका लाल डब्यावर उभा असतो. डब्यात रबराचा पडदा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा. पाणी तापून फुगलं की हवा मुकाट्याने अंग चोरून त्याला जागा देते. इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डच्या डेरेक सग्डन यांचं या डब्यावर प्रेम होतं. स्वभाव जुळत होते.

दरवर्षी नेव्हिल प्लंबर डबा तपासायला येई. कार्यपद्धती ठरलेली: बूट पुसणे, चहा, बिस्किटं (तिसऱ्याला आधी नकार) आणि मग मुख्य चाचणी.

"हीटिंग कसं चाललंय, मिस्टर सग्डन?"

"तसं काही वाईट नाही."

यॉर्कशायरमध्ये याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. गल्लीतले शंभर टक्के डबे याच चाचणीत उत्तीर्ण झाले होते. (निम्म्या घरांच्या बाहेरच्या नळीतून पाणी गळत असे, पण ते प्रश्नात नव्हतं.)

डेरेकच्या बॉयलरचा दाब दाखवणारा काटा रोज सकाळी शून्यावर असे. ते तोटी फिरवून पाणी भरत. पाणी तापे, फुगे, नळीवाटे अंगणात जाई आणि घर पुन्हा गार पडे. मग डेरेक दुसरा स्वेटर चढवत.

पण या शनिवारी मुलगी जिलियन तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती. "बाबा, घर गारठलेलं असलं तर आम्ही सरळ हॉटेलात उतरू," तिने फोनवर बजावलं होतं. नातीने आपल्या छपराखाली झोपावं, एवढंच डेरेकना हवं होतं. फार हवं होतं.

गुरुवारी नेव्हिल आला.

"कसं चाललंय?"

"तसं काही..."

"वाईट आहे!" स्वयंपाकघरातून डेरेकची बायको मॉरीन ओरडली. "भयंकर वाईट आहे! वासराला पाजावं तसं रोज सकाळी पाणी पाजतो हा त्याला!"

नेव्हिलने चहा खाली ठेवला. डब्याच्या व्हॉल्व्हचं टोपण काढून त्याने सायकलच्या ट्यूबची दाबतात तशी पिन दाबली. हवेऐवजी पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या कपात पडली.

"पडदा फाटलाय! इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"दरवर्षी विचारलं!"

"मग दरवर्षी सांगितलंही."

शुक्रवारी नवा डबा बसला. शनिवारी नात उबेत गाढ झोपली आणि एकाच स्वेटरातल्या आजोबांचे डोळे भरून आले.

"बाबा, बरं वाटतंय ना?" जिलियनने विचारलं.

"तसं काही वाईट नाही."

नेव्हिल आता शास्त्रशुद्ध चाचणी करतो. आधी पाण्याचा दाब पूर्ण उतरवायचा, मगच हवा मोजायची. दाब असताना मोजलं तर काटा सगळं ठीकच दाखवतो.

बाकी, तुमचं कसं काय? बरंय ना?

(घाई नाही. आधी दाब उतरू द्या.)